सातबाऱ्यावरचा पालक आणि घरातलं मूल

इंग्लंडमध्ये आम्ही दोघांनी नुकतीच मृत्युपत्रं केली. आम्ही दोघंही राहिलो नाही तर मुलांनी कुणाकडे राहायचं, हेही त्यात लिहिलं. दादाला फोनवर सांगितलं तेव्हा तो गप्पच झाला. मग म्हणाला, "अगं, आम्ही आहोत ना? हे काय कागदावर लिहायचं असतं?" लिहिलेलं नाव त्याचं नाही, इथल्या एका मैत्रिणीचं आहे, हे कळल्यावर तर त्याला फारच लागलं.

आपल्याकडे पालकत्वाचा वाद होतो तो आई की वडील, एवढाच. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा वडिलांना नैसर्गिक पालक मानतो आणि 'त्यांच्यानंतर' आईला. १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की 'नंतर' म्हणजे फक्त मृत्यूनंतर नव्हे. २०१५ मध्ये विधी आयोगाने दोघांना समान दर्जा द्यायची शिफारस केली. हा वाद व्हायलाच हवा. पण दोघंही गेले तर काय, हे कुणी बोलत नाही. खरं तर त्याच कायद्याचं ९वं कलम आई-वडिलांना मृत्युपत्राने पालक नेमू देतं.

पालक हा शब्द आपल्याला माहीत आहे तो सातबाऱ्यावरून. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाचं नाव लागलं, की सोबत अ.पा.क., म्हणजे अज्ञानाचा पालक, म्हणून मोठ्या माणसाचं नाव येतं. जमिनीसाठी आपण एवढी काळजी घेतो. अज्ञानाची स्थावर मालमत्ता विकायची तर नैसर्गिक पालकालाही न्यायालयाची परवानगी लागते. पण त्या मुलाला सकाळी कोण उठवणार, त्याची शाळा कोण ठरवणार, हे मात्र 'घरचे बघतील' यावर सोडून देतो. घरचे बघतातही. पण दोन्हीकडचे घरचे एकाच वेळी पुढे आले, की तंटा न्यायालयात जातो आणि मूल मधल्या मध्ये अडकतं.

इंग्लंडमध्ये १९८९ च्या बाल कायद्यानुसार मृत्युपत्रही लागत नाही. तारीख घालून सही केलेला लेखी कागद पुरतो. पालकत्वाची जबाबदारी असलेलं आई-वडिलांपैकी कुणीच मागे नसेल, तर सहसा ती नेमणूक लगेच लागू होते. मला या सोयीची थोडी भीतीही वाटते. ज्याचं नाव घालतो त्याची संमती कायदा आधी मागत नाही, आणि तो माणूस नंतर लेखी नकार देऊ शकतो. म्हणून आम्ही मैत्रिणीला समोर बसवून विचारलं. तिने दोन आठवडे मागितले, तेव्हाच ती हे मनावर घेतेय याची मला खात्री पटली. पैसे सांभाळायला विश्वस्त वेगळे नेमले. एकाच माणसावर दोन्ही ओझी नकोत.

दादा का नाही? त्याच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण आई-वडील गेल्याच्या आठवड्यात मुलांची शाळा, मित्र, रोजची भाषा, सगळंच एकदम सुटावं, हे मला सहन होत नाही. याची किंमतही मला दिसते. मराठी घरात वाढणं, आजी, चुलत भावंडं, हे मैत्रीण देऊ शकणार नाही. म्हणून सोबत एक पत्र ठेवलंय, की दरवर्षी मुलांनी काही काळ दादाकडे राहावं. ते कुणावर बंधनकारक नाही, पण दादाला वाचून दाखवलं तेव्हा त्याचा आवाज निवळला.

मग मी त्याला त्याच्या मृत्युपत्राचं विचारलं. फ्लॅट, ठेवी, प्लॉट, सगळं होतं. मुलीबद्दल ओळही नव्हती. "कुणाचं नाव लिहू?" तो म्हणाला. ती आता तेरा वर्षांची आहे. पालक नेमताना समजत्या मुलाची पसंती न्यायालयाला विचारात घेता येते, ही तरतूद आपल्याकडे १८९० च्या पालक व पाल्य कायद्यापासून आहे. मी म्हटलं, "दादा, आधी तिला विचार."