‘नावावर’ म्हणजे नक्की कशावर?

गेली सव्वीस वर्षं करसल्लागाराचं काम करतोय. एवढ्या वर्षांत माझ्या टेबलासमोर सगळ्यात जास्त वेळा उच्चारला गेलेला शब्द ‘टॅक्स’ नाही, ‘नावावर’ आहे. "घर माझ्या नावावर आहे." "बाबांनी जाण्याआधी माझ्या नावावर केलं." मी विचारतो, नावावर म्हणजे कशावर? मग पिशवीतून घरपट्टीची पावती निघते.

घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नाही. कर कोणाकडून वसूल करायचा, एवढ्यापुरतंच ते नाव असतं. अनधिकृत बांधकामालाही घरपट्टी लागते आणि ती वीस वर्षं नेमाने भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. सातबाऱ्यावरच्या फेरफाराची तीच गत. ती महसुली नोंद, तिने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने इतक्यांदा सांगितलंय की आता प्रत्येक तलाठी कार्यालयाच्या भिंतीवर रंगवून ठेवायला हरकत नाही. सोसायटीत किंवा बँकेत नॉमिनी म्हणून लागलेलं नाव तर त्याहून फसवं. नॉमिनी हा सांभाळणारा, खरे हक्क वारसांचे. मालकी बघायची तर खरेदीखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, वाटपपत्र, नाहीतर वारसा कायदा.

गंमत अशी की मालकी सिद्ध करायला कामाला न येणारी ही घरपट्टी थकली की मात्र चांगलीच चावते. थकबाकीचा बोजा मिळकतीवर असतो. जुन्या मालकाने पाच वर्षं घरपट्टी भरली नसेल तर महापालिका नव्या मालकाच्या दारात उभी राहते, वर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड. खरेदीआधी थकबाकी नसल्याचा दाखला मागायला लोकांना संकोच वाटतो. साठ लाख देताना वाटत नाही.

आता आयकराकडे या. तिथे ‘नावावर’ला आणखी कमी किंमत आहे. महाराष्ट्रात स्त्रीच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, म्हणून अनेक नवरे बायकोच्या नावावर फ्लॅट घेतात. छान. पण पैसा पूर्ण नवऱ्याचा असेल तर त्या फ्लॅटचं भाडं नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. "पण खरेदीखतावर तर फक्त तिचं नाव आहे!" हे वाक्य मी महिन्यातून एकदा तरी ऐकतो. आयकर खातं नाव बघतंच, पण पैसा कुठून आला तेही बघतं.

नात्यांच्या बाबतीत तर कायद्याने कमालच केली आहे. नातेवाइकाकडून मिळालेल्या भेटीवर कर नाही. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात ५०,००० रुपयांच्या वर मिळाले तर सगळी रक्कम करपात्र, नुसती वरची नाही. पण नातेवाईक कोण? मामाने भाच्याला पाच लाख दिले तर करमुक्त, कारण आईचा भाऊ कायद्यातल्या नातेवाइकांच्या यादीत आहे. त्याच भाच्याने मोठा झाल्यावर मामाच्या पडत्या काळात पाच लाख दिले तर मामाला कर, कारण बहिणीचा मुलगा यादीत नाही! चुलत-मामे भावंडं तर दोन्ही बाजूंनी बाहेर. मला हे साफ चुकीचं वाटतं. उपकार फेडण्यावर कर लावणारा नियम लिहिताना कोणी आपल्या घरात डोकावून पाहिलं नव्हतं. पण नियम आहे तो असा आहे. म्हणून मामाला मदत करायची असेल तर निदान उसने म्हणून द्या, बँकेतून द्या, कागद करा. २०,००० किंवा त्याहून जास्तीची उसनवारी रोखीत नको.

आणि सगळ्यात जास्त डोकेदुखी वडिलांच्या घराची. "वारसाने आलेल्याला टॅक्स नसतो ना?" येताना नसतो. भारतात वारसा कर १९८५ सालीच गेला. पण विकताना भांडवली नफ्यावर, म्हणजे विक्री किंमत आणि खरेदी किंमत यांच्यातल्या फरकावर, कर असतो. वडिलांनी घर १९८८ साली घेतलं असेल तर १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येतं, हा मोठा दिलासा. मूल्यांकनकाराचा दाखला घ्या. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या मिळकतीला दोन पर्याय आहेत: महागाई निर्देशांक (म्हणजे खरेदी किंमत महागाईनुसार वाढवून धरणं) न लावता १२.५ टक्के, किंवा लावून २० टक्के. दोन्ही मांडून बघा, उत्तर घरागणिक बदलतं. आणि हो, "बारा लाखांपर्यंत कर नाही" हे या नफ्याला लागू नाही. ती सूट पगार, पेन्शन, व्याज अशा नेहमीच्या उत्पन्नाला आहे. मागच्या वर्षी एक निवृत्त गृहस्थ हे ऐकून माझ्यासमोर दोन मिनिटं नुसते बसून राहिले होते.

याच घरांमध्ये आणखी एक प्रकार चालतो. तिघं भावंडं वारस, पण "दादाच्या नावावर आहे" म्हणून सगळे पैसे दादाच्या खात्यात, मग तो वाटणार. आयकर खात्याच्या नोंदीत अख्खा व्यवहार दादाचा. नोटीस दादाला. मग दादा चिडतो, बहीण दुखावते आणि दिवाळीला येणंजाणं बंद होतं. खरेदीखतावर तिघांच्या सह्या, तिघांचे पॅन, तिघांना वेगळे चेक, आणि ज्याचा हिस्सा त्याच्या विवरणपत्रात, एवढं आधी केलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. बहिणीने हक्कसोड करून द्यायची असेल तर तीही विक्रीच्या आधी, नोंदणीकृत आणि तिच्या मर्जीने. टोकन घेतल्यावर घाईघाईने सही मागणाऱ्या भावांना मी सरळ सांगतो, मी यात नाही.

कलमांचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा, त्यात सगळे आकडे बदललेत आणि माझंही अजून जुन्याच नंबरांनी तोंड उघडतं.

प्रश्न असतील तर खाली जरूर विचारा. फक्त कागदांचे फोटो टाकू नका. गेल्या वेळी एकाने अख्खं विवरणपत्र पॅनसकट टाकलं होतं आणि त्याखाली चौघांनी ‘छान’ लिहिलं होतं.