‘कॅलिफोर्नियन’च्या ऑपरेटरवरचा आळ

टायटॅनिकबद्दलचा एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. जगातला पहिला एसओएस टायटॅनिकने पाठवला. जवळच्याच ‘कॅलिफोर्नियन’ जहाजावरच्या वायरलेस ऑपरेटरला टायटॅनिककडून ‘गप्प बस’ ऐकून राग आला आणि तो सेट बंद करून झोपला. कुणी नुसते हेडफोन कानाला लावले असते तरी माणसं वाचली असती.

एसओएसचं आधी मिटवू. तो १९०६च्या बर्लिन परिषदेत ठरला, १ जुलै १९०८पासून लागू झाला आणि १९०९मध्ये ‘स्लाव्होनिया’ जहाजाने तो वापरलाही. टायटॅनिकचा ऑपरेटर फिलिप्स याने आधी सीक्यूडी हा जुना धोक्याचा संकेतच पाठवला होता.

रागाची गोष्टही खोटी. टायटॅनिकचा सेट शुक्रवारी रात्री बिघडला होता: ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरी कॉइलच्या वायरी जळून लोखंडी बोल्टांना टेकल्या होत्या. तो दुरुस्त होईपर्यंत प्रवाशांच्या तारा तुंबल्या. रविवारी रात्री फिलिप्स केप रेस या किनाऱ्यावरच्या वायरलेस केंद्राचे क्षीण सिग्नल कान देऊन ऐकत असताना जवळच्या कॅलिफोर्नियनचा सिग्नल कानठळ्या बसवत मध्येच घुसला. म्हणून त्याने ‘गप्प बस’ म्हटलं. आपल्याला वाईट वाटलं नाही, असं कॅलिफोर्नियनचा ऑपरेटर इव्हान्स याने चौकशीत सांगितलं. त्याची चूक काढायचीच तर एक आहे. बर्फाची सूचना त्याने आधी ‘एमएसजी’ ही खूण लावून दिली नाही. ते लावलं असतं तर ती थेट कप्तानाकडे जायला हवी होती.

तो झोपला, कारण जहाजावर तो एकटाच ऑपरेटर होता. सेट बंद केला ११.३५च्या सुमारास, धडक ११.४०ला. धोक्याचा संदेश आला तो मध्यरात्रीनंतर.

आणि हेडफोन लावले होते! मध्यरात्रीनंतर कॅलिफोर्नियनचे तिसरे अधिकारी ग्रोव्ह्स वायरलेसच्या खोलीत आले, हेडफोन लावले, पण काहीच ऐकू आलं नाही. तिथे सिग्नल पकडायला मार्कोनीचा मॅग्नेटिक डिटेक्टर होता. त्यात मऊ लोखंडी तारांचा पट्टा दोन चाकांवरून चुंबकांसमोर सतत सरकतो. एरियलकडून सिग्नल आला की त्या लोखंडाचं चुंबकत्व एकदम बदलतं आणि बाहेरच्या कॉइलमधून हेडफोनमध्ये आवाज उमटतो. बॅटरी लागत नाही, पण चाकं चालतात ती घड्याळासारख्या चावीवर. ग्रोव्ह्सनी चावी दिलीच नव्हती. पट्टा थांबलेला असेल तर कानात काहीच येत नाही.

दोष शोधायचाच असेल तर तो कॅलिफोर्नियनच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकण्याच्या जागी, शोधा. तिथून पांढरे रॉकेट दिसले, कप्तान लॉर्डला कळवलंही गेलं. पण इव्हान्सला उठवलं गेलं ते थेट पहाटे. तोपर्यंत टायटॅनिक बुडालं होतं.