इलेक्ट्रिक ट्रक घाटात बसतो म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

ट्रान्सपोर्टवाल्यांच्या जवळपास सगळ्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. त्यात म्हटलंय की इलेक्ट्रिक ट्रक फक्त उद्घाटनाच्या फोटोपुरता आहे, अर्धा लोड बॅटरीचाच जातो, भरलेली गाडी घाटात बसते, चार्जिंगला आठ तास लागतात, तीन वर्षांत बॅटरी भंगारात आणि वीज शेवटी कोळशाचीच. खाली ‘गाडीमालक बांधवांना सावध करा’. मी कळंबोली-उरण पट्ट्यात कंटेनरच्या कामात आहे, हा मेसेज पुढे पाठवणारे लोक रोज भेटतात, चांगली माणसं आहेत, पण यातलं बरंचसं चुकीचं आहे आणि जे खरंच अडतंय ते त्यात लिहिलेलंच नाही, म्हणून हे लिहितोय.

घाटापासूनच सुरू करतो. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत बोरघाट साधारण साडेपाचशे मीटर चढतो. भरलेला ट्रेलर एकूण ४० टनांचा धरा, तर एवढं वजन एवढ्या उंचीवर न्यायला ६० युनिट वीज लागते, हे शाळेतलं गणित आहे, कुणीही करून बघावं. मोटर, टायर, वारा यांचा लॉस धरून ८० युनिट धरा. टाटाच्या प्राइमा ई.५५एसमध्ये ४५३ युनिटची बॅटरी आहे. म्हणजे अख्खा घाट चढून साधारण सहावा हिस्सा संपतो. आणि गाडी बसायचं म्हणाल तर मोटरला पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, शून्य स्पीडपासूनच मिळतो, चढावर ट्रॅफिकमध्ये थांबून परत उचलताना क्लच जाळायची वेळच येत नाही.

पण घाटाचा खरा विषय चढ नाही, उतार आहे. पुण्याकडून खाली येताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे ड्रायव्हर आपल्याला सगळ्यांना माहीत आहेत. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, लायनरचा जळका वास केबिनपर्यंत येतो आणि मग पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. जुलै २०२५ मध्ये खोपोलीजवळ ब्रेक फेल झालेला कंटेनर वीसेक गाड्यांवर गेला. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर वर्षानुवर्षं हेच चाललंय. इलेक्ट्रिक ट्रकमध्ये उतारावर तीच मोटर जनरेटर होते, गाडीला धरून ठेवते आणि चढताना गेलेल्या विजेतला निम्म्याच्या आसपासचा भाग परत बॅटरीत टाकते. इथे डिझेल वाचवायला गाडी मोकळी सोडायची नसते, धरूनच उतरायची असते, कारण धरली तरच वीज मिळते. माझ्यासाठी या गाडीचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, भाड्याच्या हिशोबाच्याही आधी. फक्त एक गोष्ट ड्रायव्हरला नीट शिकवायला हवी, लोणावळ्यात बॅटरी शंभर टक्के भरून उतरायला लागलात तर वीज ठेवायला जागा नसते आणि मोटर गाडीला पूर्ण धरत नाही. वरच्या अंगाला चार्ज करायचा असेल तर ऐंशीवर थांबवा.

अर्धा लोड बॅटरीचा हे तर उघड चुकीचं आहे. साडेचारशे युनिटची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी तीन टनांच्या आसपास भरते. त्यातून इंजिन, गिअरबॉक्स, डिझेलची भरलेली टाकी, धूर साफ करणाऱ्या युरियाची टाकी या सगळ्यांचं वजन वजा होतं, म्हणजे नेट नुकसान दीड-दोन टन. ५५ टन पासिंगच्या गाडीत चाळीस टनांच्या जवळपास माल बसतो, त्यातून दोन टन कमी. स्टीलचे कॉइल आणि सिमेंटवाल्यांना हे लागतंच, त्यांचं भाडं टनावर असतं, त्यांचं म्हणणं बरोबर आहे. युरोपात म्हणूनच शून्य उत्सर्जनाच्या ट्रकला दोन टन जास्तीचं वजन चालतं, तशी मागणी आपल्या संघटनांनी लावून धरावी. पण चाकणहून येणाऱ्या बऱ्याच कंटेनरमध्ये वजनाआधी जागा संपते, त्यांना या दोन टनांनी काय फरक पडतो?

आठ तासांचा आकडा कुठून आला तेही सांगतो. एवढी बॅटरी ६० किलोवॅटच्या, म्हणजे कारसाठी लावलेल्या चार्जरवर लावली तर साडेसात-आठ तास लागतातच. २४० किलोवॅटच्या चार्जरवर वीस ते ऐंशी टक्के सव्वा-दीड तासात होतं. आणि बॅटरी बदलायची पद्धत आली आहे, रिकामी काढून भरलेली चढवायची, काही मिनिटांचं काम. न्हावाशेवा बंदर चालवणाऱ्या जेएनपीएने सप्टेंबर २०२५ मध्ये अशा बदलत्या बॅटरीचे ५० जड ट्रक पोर्टच्या कामाला लावले. चीनमध्ये २०२४ या एका वर्षात नव्या ऊर्जेवरचे जड ट्रक ऐंशी हजारांवर विकले गेले, त्यात बॅटरी बदलणारे पुष्कळ. शिवाय आपल्याकडे गाडी चालते किती आणि उभी राहते किती ते बघा ना, सीएफएसच्या, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर डेपोच्या, गेटला, पार्किंग प्लाझात, स्कॅनिंगला, तासन्‌तास लाईन आणि लाईनमध्ये डिझेलचं इंजिन चालूच, दर पाच मिनिटांनी एक गाडीभर पुढे सरकायला. त्या लाईनमध्ये इलेक्ट्रिक ट्रक जवळपास काहीच खात नाही.

बॅटरी तीन वर्षांत जाते याबद्दल थोडक्यात. पीएम ई-ड्राइव्ह या केंद्राच्या योजनेत इलेक्ट्रिक ट्रकवर सबसिडी हवी असेल तर कंपनीला बॅटरीवर ५ वर्षं किंवा ५ लाख किमी, जे आधी होईल त्याची, वॉरंटी द्यावीच लागते. लेखी घ्या, विषय संपला.

कोळशाचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. आजच्या ग्रिडवर जड ट्रकचा कार्बनचा हिशोब डिझेलच्या जवळपासच येतो, फार मोठा फरक नाही, ज्यांना वाटतं ट्रक इलेक्ट्रिक झाला की हवामान सुधारलं त्यांनीही हे लक्षात घ्यावं. पण दुपारी सोलरवर चार्ज केलात तर चित्र बदलतं आणि ग्रिड दरवर्षी थोडं थोडं सुधारतंय, जुना डिझेल ट्रक वर्षागणिक बिघडतो. आणि उरण-पनवेलच्या रस्त्याकडेला राहणाऱ्यांच्या नाकात जाणारा धूर, तो तर पहिल्या दिवसापासून बंद होतो. त्या रस्त्यावर शाळा आहेत.

आता फॉरवर्डमध्ये नसलेलं. गाडीची किंमत डिझेलच्या अडीच-तीन पट आहे. स्वतःच्या यार्डात दहा रुपये युनिटने चार्ज केली तर किलोमीटरला चौदा-पंधरा रुपये, डिझेल लिटरला तीन किमीच्या अ‍ॅव्हरेजने तीस रुपये, म्हणजे पंधरा रुपये सुटतात. महिना आठ हजार किमी गाडी पळाली तर सव्वा लाख, पब्लिक चार्जरवर युनिटला अठरा-वीस रुपये मोजलेत तर त्यातलं फार काही हातात राहत नाही. म्हणजे स्वतःची जागा, स्वतःचं एचटी (उच्च दाबाचं) वीज कनेक्शन आणि ठरलेला फेरा असेल त्यालाच हे परवडतं. अल्ट्राटेक सिमेंट कंपनी मध्य प्रदेशातल्या धारहून धुळ्याला क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट करायचा माल, इलेक्ट्रिक ट्रकने नेते ते याचमुळे, तोच रस्ता, दोन्ही टोकं कंपनीची स्वतःची. न्हावाशेवा ते चाकण जाऊन-येऊन अडीचशे किमीच्या आसपास, तेही यात बसतं.

पण आपल्याकडे बहुतेक ट्रक एक-दोन गाड्यांच्या मालकांचे आहेत. त्याला यार्ड नाही, रिटर्न भाडं इंदूरचं मिळालं तर इंदूर, हैदराबादचं मिळालं तर हैदराबाद. त्याला मी आज ही गाडी घे म्हणणार नाही. फायनान्सवालाही कचरतो, सेकंडहँडला गाडीची काय किंमत येईल हे त्याला ठरवता येत नाही. सबसिडी जास्तीत जास्त ९.६ लाख, तीही जुना ट्रक स्क्रॅप केल्याच्या सर्टिफिकेटवर. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला आणि बसला टोलमाफी मिळाली, मालाच्या गाडीला नाही. मोबाईलवर बोटं झिजवायचीच तर याच्यावर झिजवा, हा टोल माफ झाला तर दर फेरीला रोख पैसे वाचतात.

आणि ज्याची गाडी पोर्ट-सीएफएस किंवा पोर्ट-चाकण फेऱ्यांवर आहे त्याने फॉरवर्ड वाचून निर्णय घेऊ नये. गेल्या तीन महिन्यांच्या ट्रिपशीट काढा, रोजचे किमी लिहा, सगळ्यात लांबची फेरी कुठली ते बघा, गाडी रात्री कुठे उभी राहते ते बघा आणि तिथे किती लोडचं कनेक्शन मिळेल ते महावितरणच्या ऑफिसात जाऊन विचारून या. डीलरकडे त्याच्यानंतर जा आणि डेमो गाडी रिकामी नाही, भरून, घाटातून मागा.