होडीत बारा फुटी रॉड कशाला?

पाऊस सरून समुद्र निवला की सांगली-मिरज, कराड-साताऱ्याकडच्या गळवाल्यांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरू लागतो. थोडक्यात मजकूर असा: "कोकणात होडीतून गरवायला जाताय? नदीचं सामान घरी ठेवा. १२ फुटी रॉड, १०००० नंबरची रील, १०० पौंडी तंगूस घ्या. ड्रॅग आवळून ठेवा, मासा पळता कामा नये. बेअरिंग जितकी जास्त तितकी रील चांगली. तारेचा ट्रेस लावाच. स्टेनलेस घेतलं तर धुण्याची कटकट नाही." आठ सूचना आहेत. त्यातली एक बरोबर, आणि तीही अर्धीच.

मुळात क्रमच उलटा आहे. मेसेज रॉडपासून सुरू होतो. होडीवरचं सामान शिशाच्या वजनापासून ठरवायचं असतं. पाणी किती खोल आणि ओढ किती, यावर शिसं ठरतं. शिशावर दोरी, दोरीवर ड्रॅग (मासा जोराने ओढू लागला की दोरी सोडणारा रीलचा ब्रेक), आणि हे सगळं पेलेल असा रॉड व रील शेवटी. नांगरलेल्या होडीखाली १५ मीटर पाणी आणि बेताची ओढ असेल तर ८० ते १०० ग्रॅम शिसं बहुधा पुरतं. अमावस्या-पौर्णिमेला आणि पुढचे एक-दोन दिवस उधाणाची ओढ असते. तेव्हा २५ मीटरला २०० ग्रॅमसुद्धा तळ धरत नाही. अष्टमीच्या सुमारास, भांगाला, त्याच जागी निम्म्यात भागतं. म्हणून घाट उतरण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा आणि ६०, १००, १५०, २०० ग्रॅम अशी चार वजनं सोबत ठेवा. शिसं टेकल्याचा ठोका हाताला लागायला हवा. दोरी उभ्यापासून ४५ अंशांपेक्षा जास्त तिरकी जाऊ लागली की पुढचं वजन लावा.

आता ती १०० पौंडी तंगूस, म्हणजे एकेरी नायलॉनची दोरी; पौंड म्हणजे तिची तुटायची ताकद. तिची जाडी साधारण ०.९ मिमी. ३० पौंडी ब्रेडेड (बारीक धाग्यांची विणलेली) दोरी ०.२८ मिमीच्या आसपास असते. जाडी तिप्पट म्हणजे ओढीला सापडणारा पृष्ठभागही तिप्पट. जाड तंगूस पाण्यात धनुष्यासारखी वाकते, शिसं वाढवावं लागतं, आणि मासा टोचून गेला तरी हाताला कळत नाही. शिवाय तंगूस ताणली जाते, चांगली पाचवा हिस्सा. ब्रेडेड जवळजवळ ताणत नाही, म्हणून ढोम्याचा हलका चावाही वरपर्यंत येतो.

दुसरा हिशोब स्पूलचा, म्हणजे रीलवर दोरी गुंडाळतात त्या चकरीचा. रीलवर "०.४० मिमी – ३०० मी" असं छापलेलं असतं. जाडी सव्वादोन पट झाली की दोरी मावते तिच्या वर्गाने कमी, म्हणजे पाचवा हिस्सा: जेमतेम ६० मीटर. एखादी बरी सुरमई एका धावेत तेवढी घेऊन जाते.

आणि गळ खडकात अडकला तर? ३० पौंडी दोरी तोडता येते. १०० पौंडी हाताने तुटत नाही. लहान होडी मात्र त्या बाजूला कलते. कोणी दोरी हाताला गुंडाळून ओढली तर बोटं कापली जातात. यावर उपाय नदीवरच्या जुन्या गळवाल्यांना ठाऊक आहे: शिसं मुख्य दोरीला थेट न बांधता १०-१२ पौंडी तंगुसाच्या वीतभर तुकड्याने लटकवायचं. अडकलं तर शिसं जातं, बाकीचं परत येतं.

बारा फुटी रॉड किनाऱ्यावरून लांब फेकायला असतो. होडीतून फेकायचं नसतं, खाली सोडायचं असतं. त्यात रॉड म्हणजे तरफ, आणि ही तरफ माशाच्या बाजूने काम करते. रॉडचं बूड पोटाला, पुढचा हात दोन फुटांवर, मासा ४ किलोने ओढतोय असं धरा. रॉडचा वाक हिशोबात न घेता, १२ फुटीवर पुढच्या हाताला २४ किलो पेलावे लागतात, साडेसहा फुटीवर १३. फरक दहा मिनिटांत खांद्याला कळतो. मासा होडीजवळ आल्यावर लांब रॉडचं टोक मागे न्यावं लागतं. रॉड उभ्याच्याही मागे गेला की सगळा ताण टोकाच्या बारीक भागावर येतो आणि कार्बनचा रॉड तिथेच काडकन मोडतो. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही, तो तसाच मोडायचा. पहिल्या खरेदीला ६ ते ७ फुटी, फायबरग्लास किंवा ग्लास-कार्बन मिश्र रॉड घ्या. त्यावर दोन प्रकारचे आकडे असतात. ग्रॅममधला आकडा फेकायच्या वजनाचा, पौंडांतला दोरीचा. होडीसाठी पौंडांचा आकडा आधी वाचा. १५-३० पौंडी दोरीचा रॉड बहुतेक कामं करतो.

"ड्रॅग आवळून ठेवा" ही सूचना सगळ्यात महागात पडणारी. दोरीची छापील ताकद सरळ, बिनगाठीच्या दोरीची असते. ३० पौंड म्हणजे साधारण साडेतेरा किलो. घाईत मारलेली गाठ त्यातले निम्मे खाऊन टाकते. म्हणून ड्रॅग छापील ताकदीच्या पाव भागावर लावायचा, इथे साडेतीन किलोच्या जवळपास. अंदाजाने लावू नका. बादलीत पाणी भरून पाणी आणि बादली मिळून साडेतीन किलो करा, काट्यावर घाला. दोरी रॉडच्या सगळ्या रिंगांतून काढून लीडर (दोरी आणि गळ यांमधला तंगुसाचा तुकडा) बादलीच्या कडीला बांधा. रॉड ४५ अंशांत धरून उचला. बादली जमिनीवरून सुटता सुटता ड्रॅग फिरायला लागला की लागलं माप. रिंगांतून न काढता थेट रीलवरून मोजलं तर रिंगांचं घर्षण हिशोबात येत नाही आणि ड्रॅग ठरवल्यापेक्षा घट्ट बसतो.

मासा धावत असताना ड्रॅग आवळायचा मोह होतो. तो आवरा, कारण ड्रॅग तेव्हा आपोआप वाढतच असतो. दोरी जाऊन स्पूलवरच्या वेढ्याचा व्यास निम्मा झाला की तोच ड्रॅग दुप्पट जोराने धरतो. साडेतीनचे सात झाले, आणि वाईट गाठीची मर्यादाही तेवढीच होती.

गाठीचं म्हणाल तर ब्रेडेड आणि लीडर जोडायला दुहेरी युनी शिका: ब्रेडेडच्या बाजूने ८ वेढे, तंगुसाच्या बाजूने ४ ते ५, थुंकीने ओलं करून सावकाश आवळायची. सतारीची तार चढवणाऱ्या मिरजेतल्या हातांना हे सांगावं लागणार नाही. स्पूलवर ब्रेडेडच्या खाली आठ-दहा मीटर तंगूस आधी गुंडाळा, नाहीतर गुळगुळीत स्पूलवर अख्खी दोरीच घसरत फिरते आणि माणूस ड्रॅग बिघडला म्हणून रील खोलत बसतो.

साडेतीन-चार किलो ड्रॅगला १०००० नंबरची रील लागत नाही (नंबर मोठा तेवढी रील मोठी). ४००० ते ६००० नंबरच्या रीलवर ही दोरी २०० ते ३०० मीटर मावते आणि दिवसभर हातात धरवते. बेअरिंगची संख्या हा खोक्यावरचा दागिना आहे. दहा स्वस्त बेअरिंगपेक्षा खारं पाणी आत न जाऊ देणारी चार बरी.

"नदीचं सामान घरी ठेवा" हेही सरसकट खरं नाही. कृष्णेत रोहू-कटल्यासाठी वापरता तो ७ फुटी मध्यम रॉड आणि ४००० ची रील किनाऱ्यालगत १०-१२ मीटर पाण्यात ढोमा, बांगडा, लहान शिंगाळा यांना पुरते. घरी ठेवायचं ते तरंड्याचे लवचीक रॉड, सरकत्या जोडांचे टेलिस्कोपिक (जोडांत मीठ बसलं की आत जात नाहीत), उन्हात पडून राहिलेली तंगूस आणि साध्या पोलादाचे गळ. समुद्राला कलई केलेले गळ घ्या. आकड्यांत १ पेक्षा २ लहान, पण १/० पेक्षा २/० मोठा. ढोम्याला १/०, तांबोशीला ४/० ते ५/०. गोल वळणाचा सर्कल गळ असेल तर झटका मारायचा नाही, नुसती रील फिरवायची. आणि शिंगाळ्याचा काटा विषारी, तो पकडीनेच सोडवा.

अर्धं बरोबर आहे ते ट्रेसचं, म्हणजे गळाला जोडलेल्या तारेच्या तुकड्याचं. सुरमईचे दात तंगूस कात्रीसारखी कापतात, तिथे १५-२० सेंटिमीटर तार हवीच. तांबोशी, ढोमा यांना नको. निवळ पाण्यात तार दिसते आणि चावे कमी होतात. त्यांना ०.६ ते ०.७ मिमी तंगुसाचा लीडर पुरे. तार म्हणजे ट्रेसचीच, ०.४ मिमीच्या आसपास. तासगावकडचे कोणी द्राक्षमांडवाची तार सुचवतील. ती मासा नव्हे, वेल धरायला केलेली आहे.

राहिलं धुणं. स्टेनलेससुद्धा मिठाने गंजतं, बारीक खड्डे पडत गंजतं, आणि रीलमध्ये ॲल्युमिनियम त्याला चिकटून असेल तर ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं. रत्नागिरीहून आंबा घाटाने सांगलीला यायला चार-पाच तास जातात, तेवढा वेळ ओली रील डिकीत कोंडू नका. मुक्कामावरच ड्रॅग पूर्ण आवळून, म्हणजे पाणी आत जाणार नाही, नळाच्या हलक्या धारेखाली अर्धा मिनिट धरा. बादलीत बुडवू नका, गाडी धुवायचा जोराचा फवारा तर मुळीच नको. तो मीठ आत ढकलतो. पुसून झाल्यावर ड्रॅग ढिला सोडा, नाहीतर वॉशर दबून चिकटतात. सावलीत वाळवून हँडलच्या सांध्यावर आणि दोरी वळते त्या रोलरवर एकेक थेंब तेल द्या. सगळ्यात आधी जाम होतो तो हा रोलर, आणि फिरायचा थांबला की ब्रेडेड त्याला चर पाडते. रॉडच्या रिंगांतून कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला तिथे तडा आहे. ती रिंग पुढच्या फेरीआधी बदला.