ढेकर आला का?

बाळ आल्यावर आमच्या घरात खातेवाटप झालं. दूध बायकोकडे, मालिश-अंघोळ-धुरी सासूबाईंकडे आणि माझ्याकडे ढेकर खातं, स्वतंत्र कार्यभार. दिवसा या खात्याला कुत्रं विचारत नाही, सगळा कारभार रात्री अडीचला.

काम ऐकायला सोप्पंय. बाळ दुधाबरोबर हवा पण गिळतं, बाटलीने पीत असेल तर जरा जास्तच, ती पोटात अडकली की किरकिर सुरू, म्हणून एक बाजू पिऊन झाली की दुसरीला लावायच्या आधी, किंवा बाटली असेल तर दर 60-90 मिलीला, आणि शेवटी परत एकदा ढेकर काढायचा. खांद्यावर उभं घ्यायचं, मानेला हात आणि पाठीवर हलकं थोपटायचं. आता हलकं म्हणजे किती हे कोणी सांगेल तर शप्पथ! सासूबाई म्हणतात, "अहो जरा जोरात, त्याला कळायला नको का?" जोरात थोपटलं की बायको झोपेतच, "अरे हळू!!"

खांदा भरून आला की मांडीवर बसवतो. हनुवटी बोटांमध्ये धरायची (गळा दाबायचा नाही हं), दुसऱ्या हाताने पाठ चोळायची. यात गाल वर येऊन डोळे बारीक होतात आणि साहेब माझ्याकडे असं बघतात की आता पगार विचारणार.

तेवढ्यात बारीकसा आवाज येतो. आला? नाही, उचकी. परत थोपट. मग आवाज येतो तो मागच्या दाराने, तो धरत नाहीत म्हणे. आणि गुळणी! खांद्यावर दुपटं कितीही पसरा, ती दुपटं संपतं तिथून पुढेच पडणार, थेट कॉलरच्या आत, कोमट. डॉक्टर म्हणाल्या अन्ननलिकेची झडप अजून कच्ची असते, वजन वाढतंय ना, मग थोडं दूध येऊ दे, हिरवी किंवा जोराची उलटी झाली तर मात्र लगेच आणा. आणि काही मिनिटांत ढेकर नाही आला तर सरळ पाठीवर झोपवा, प्रत्येक वेळी येतोच असं नाही. हे सासूबाईंना सांगायला डॉक्टरांनीच घरी यायला हवं.

काल शेवटी मीच हार मानली, आता ठेवतो खाली म्हणून वाकलो आणि कानाशी असा काही खणखणीत ढेकर, पंगतीतून उठलेल्या माणसाचा.

अंधारातून बायकोचा आवाज आला, "अरे, निदान तोंडावर हात तरी ठेवत जा."