माणसांची ओढ म्हणजे व्यसन? मग भूकही व्यसनच म्हणायची!

वडगावात राहणाऱ्या माझ्या आत्तीनं एकादशीचं भजन सोडलं. शेजारच्या कन्नड अक्का रोज संध्याकाळी दाराशी येऊन "ऊटा आत्री?" (जेवण झालं का?) विचारतात, त्यांनाही आतूनच "झालं" म्हणून वाटेला लावते. गुडघे दुखतात म्हणून असेल, असं मला वाटलं. तसं नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज आला होता आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीच्या फुल्या सुरू झाल्या होत्या.

मेसेजचा सार असा: माणसांची ओढ हे डोपामाइनचं (मेंदूत ओढ जागवणाऱ्या रसायनाचं) व्यसन आहे, 21 दिवस कुणाला भेटू नका, सुटेल. साठीनंतर मेंदूला माणसं लागत नाहीत. लोकांत बसलं की ताण वाढतो. ऋषीमुनी एकटेच राहायचे. खाली ‘विज्ञानानं सिद्ध’, आणि दोन हात जोडलेले.

ऋषीमुनींचं आधी उरकतो. आश्रम म्हणजे काय रिकामं घर होतं? शिष्य, गाई, पाहुणे, सगळा गोतावळा. आपल्याकडं तर पंढरीलाही दिंडीनंच जातात.

आता डोपामाइन. इथं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. माणसांच्या ओढीत डोपामाइन असतं. पण ते भुकेतही असतं! अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात लिव्हिया टोमोव्हा, रेबेका सॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं. 2020 साली ‘नेचर न्यूरोसायन्स’ या शास्त्रीय नियतकालिकात ते छापून आलं. 40 धडधाकट माणसं घेतली. एक दिवस त्यांना दहा तास एकटं ठेवलं, माणूस नाही, फोन नाही. दुसऱ्या एका दिवशी दहा तास उपाशी ठेवलं. मग मेंदूचं स्कॅन करताना चित्रं दाखवली. उपाशी माणसाला खाण्याचं चित्र दिसल्यावर मध्यमेंदूतला जो भाग जागा होतो, तोच एकट्या ठेवलेल्या माणसाला हसत-खेळत बसलेली माणसं दिसल्यावर जागा झाला. सबस्टॅन्शिया नायग्रा म्हणतात त्याला, डोपामाइनच्या पेशींचं ठिकाण. म्हणजे अक्कांची हाक ऐकून आत्तीच्या पोटात जे कालवतं, ते दारूच्या तलफेपेक्षा दुपारच्या भुकेच्या जवळचं आहे.

त्याच प्रयोगात आणखी एक निघालं, आणि मला राग आला तो त्यावरून. ज्यांना आधीपासूनच एकटेपणा जाणवत होता, त्यांच्या मेंदूत हा प्रतिसाद मंद होता. 21 दिवसांनी ओढ कमी झालीच, तर हा मेसेजवाला म्हणणार, "बघा, सुटलं!" अहो, तापात तोंडाची चव गेली म्हणून कुणी ‘जेवणाचं व्यसन सुटलं’ म्हणून पेढे वाटतं का?

साठीनंतरचं म्हणाल तर उलटंच आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं 2020 मध्ये स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी, पण टाळता येण्यासारखी 12 कारणं सांगितली, त्यांत माणसांपासून तुटणं हे एक. आणि ज्युलिअ‍ॅन होल्ट-लुनस्टॅड या संशोधक बाईंनी 2010 मध्ये 148 अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा नात्यागोत्यात घट्ट असलेल्यांची जगण्याची शक्यता सुमारे दीडपट निघाली.

ताणाचं खोटं नाही. काही माणसं भेटली की डोकं उठतंच, आमच्या नात्यात दोन-तीन आहेत. त्यांना टाळा की. स्वतःहून घेतलेला एकांत आणि लादलेलं एकटेपण यांना मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, मेसेज लिहिणाऱ्याला एवढंही ठाऊक नसावं.

हे सगळं काल आत्तीला वाचून दाखवलं. बाहेर मागांची खडखड चालू होती, म्हणून दोनदा वाचावं लागलं. ती उठून कॅलेंडरपाशी गेली, बोटानं फुल्या मोजल्या. तेरा.

"त्या चाळीस जणांना दहा तासांत सोडलं व्हय रे?"