फूल कुजतं, पण गुच्छ?

सध्या एक संदेश फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: ‘भेट द्यायची तर ताजी फुलं द्या. ती निसर्गाचीच, वाळली की मातीत मिसळतात, प्रदूषण शून्य. फार तर विमानानं आलेली टाळा, जवळची घ्या.’ हेतू चांगला आहे. दावे मात्र टिकत नाहीत.

आधी ‘मातीत मिसळतात’. मातीत टाकली तर मिसळतील! बहुतेक गुच्छ कचऱ्याच्या पिशवीतून डेपोवर जातात. तिथं ढिगाखाली हवा पोचत नाही आणि कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशोबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापदायक ठरतो.

शिवाय गुच्छात फुलांबरोबर तार, रिबीन, चकचकीत प्लॅस्टिक असतंच. सगळ्यात फसवा तो दांडे खोचायचा हिरवा स्पंज, म्हणजे फ्लोरल फोम. पाणी धरून ठेवतो म्हणून अनेकांना तो वनस्पतीपासून केलेला वाटतो. नेहमीचा फोम फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचा, म्हणजे प्लॅस्टिकच. बोटानं दाबला की चुरा होतो आणि तो चुरा पाण्याबरोबर मोरीत जातो. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांना गोड्या आणि खाऱ्या पाण्यातले प्राणी हे कण खाताना आढळले. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं २०२१पासून आपल्या प्रदर्शनांत या फोमवर बंदी घातली.

‘निसर्गाचीच’ हा शब्द तर मला फारच उदार वाटतो. फुलं खायची नसतात, त्यामुळे युरोपीय संघात त्यांच्यावरच्या कीटकनाशकांच्या अंशाला अन्नासारखी कमाल मर्यादा नाही. बेल्जियममध्ये ९० गुच्छ तपासले, तेव्हा त्यांवर १०७ प्रकारची सक्रिय रसायनं सापडली. एकेका नमुन्यावर सरासरी दहाच्या आसपास. ती दिवसभर हाताळतो तो फुलवाला. पाण्याचं म्हणाल, तर केनियातल्या नैवाशा सरोवराकाठी वाढणाऱ्या एका गुलाबामागे ७ ते १३ लिटर पाणी लागतं, असा अंदाज आहे.

आता ‘जवळची घ्या’. ऐकायला हा सल्ला बिनतोड वाटतो, आणि इथंच गंमत आहे. इंग्लंडच्या क्रॅनफील्ड विद्यापीठानं २००७मध्ये ब्रिटनच्या बाजारात येणाऱ्या गुलाबांचा हिशोब मांडला. केनियातून विमानानं आणलेल्या १२,००० गुलाबांमागे सुमारे ६ टन कार्बन डायऑक्साइड भरला. शेजारच्या नेदरलँड्समधल्या तितक्याच गुलाबांमागे ३५ टन! कारण तिथल्या काचगृहांना लागणारी ऊब आणि दिवे. केनियात ऊन फुकट मिळतं. आकडे जुने आहेत, काचगृहं आता बदलताहेत, पण मुद्दा तोच: नुसतं अंतर मोजून भागत नाही. या दोन्हींपेक्षा हंगामात उघड्यावर वाढलेलं जवळचं फूल हलकं पडतं. तेव्हा सल्ल्यात ‘हंगामातली’ हा शब्द हवा होता, आणि नेमका तोच गळलाय.

‘मग प्लॅस्टिकची फुलं बरी का?’ नाही. ती तर कुजतही नाहीत.

घरात गुच्छ आलाच असेल, तर टाकण्याआधी सोडवा. तार, रिबीन, फोम वेगळं काढा; रंगवलेली, चमकी लावलेली फुलंही बाजूला. उरलेलं खतात घाला. गुलाबाचे दांडे लाकडासारखे असतात. त्यांचे बोटभर तुकडे केले नाहीत, तर पाकळ्यांचं खत होऊन गेलं तरी ते तसेच हाताला लागतात.